दातार नृसिंहवाडीला जातात

गुन्हेगार ओळखावा तर मीच! ‘रक्तपिपासू दातार’ या मालिकेचे पंधरा भाग मी कॉलेजपासून वाचत आलेय. दातार म्हणजे तीनशे वर्षांचं पिशाच्च, पेशानं गुप्तहेर. रक्त पाहिलं की त्यांना चक्कर येते, म्हणून बिचारे डाळिंबाच्या रसावर भागवतात. अकरा भागांत गुन्हेगार मी निम्म्या पुस्तकातच पकडला. उरलेल्या चारांत धवलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आधी वाचून भर जेवणात नाव सांगून टाकलं. असल्या माणसाशी संसार करतेय मी!

सोळावा भाग शेवटचा. खुद्द दातारांना चावून पिशाच्च केलं कुणी, ते त्यात कळणार होतं. चार वर्षं वाट पाहिली होती हो! हे नाव माझं मलाच शोधायचं होतं.

म्हणून शनिवारी कुरिअर आल्याबरोबर पुस्तक लाल कापडात बांधलं आणि देवघरात ठेवलं. धवल आंघोळीशिवाय देवघराला हात लावत नाही आणि रविवारी दुपारपर्यंत आंघोळ करत नाही. काय डोकं चालवलं मी!

रविवारी सकाळी कापड सोडलं, तर आत सासूबाईंची पोथी! आणि सासूबाई पहिल्या एसटीनं नृसिंहवाडीला पारायणाला गेलेल्या!

घाईघाईनं फोन लावला. तो त्यांच्याबरोबर गेलेल्या शेजारच्या अंबूबाईंनी उचलला.

“कालिंदीताई वाचायला बसल्यात की! आमी धाजणी ऐकतोय. पोथी लई भारी हाय. पयल्याच अध्यायात मुडदा!”

“अहो, थांबवा त्यांना!”

“आता कसं थांबायचं? संकल्प सोडलाय न्हवं!”

खरी पोथी छातीशी धरून मी एसटीनं वाडी गाठली. भक्तनिवासात बायका सासूबाईंभोवती कोंडाळं करून बसल्या होत्या.

“आई, कितवं पान?”

“सत्तावीस. पोथी नाही हे कापड सोडताच कळलं गं, पण ह्या उठू देतील तर ना!”

हुश्श! वाचले!

“फक्त शेवटचं पान तेवढं मनात वाचलंय,” सासूबाई म्हणाल्या. “कापड सोडलं की मी आधी फलश्रुती वाचते. वाचून काय मिळणार ते कळायला नको? तिथं त्या चावणाऱ्याचं नाव...”

मी दोन्ही कानांत बोटं घातली. “आई, तुम्हाला दत्ताची शपथ! नाव घ्यायचं नाही!”

“नाही घेत!” त्यांनी कानाला हात लावला. दत्ताची शपथ त्या जीव गेला तरी मोडणार नाहीत. माझा जीव भांड्यात पडला.

बायका काही पुस्तक सोडेनात. शेवटी पुढचं मीच वाचायला घेतलं. अठ्ठाविसाव्या पानावर दातारांकडे एक म्हातारा कंपाउंडर येतो. स्वभावानं अगदी गरीब गाय! दातार त्याला प्रेमानं बसवतात, चहा देतात.

सासूबाई डोळे मिटून जपमाळ ओढत होत्या. तशाच कडाडल्या,

“मेल्याला चहा कसला पाजतोयस, दातारा!”

पुस्तकाची अजून तीनशे बारा पानं शिल्लक होती.