पाण्यात नापास

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्या सुमाराला पावसाने तोंड फिरवलं आणि शिक्षण खात्याने वसतिगृहाच्या प्रवेशासाठी गणिताची परीक्षा घेतली. खात्याच्या कचेरीतले सांख्यिकी सहायक शेषेराव यांची भाची शिवकन्या निलंग्याकडच्या खेड्यातली. ती थोडक्यात हुकली आणि प्रतीक्षा यादीत अडकली. नंबर लागला नाही तर पोरीची शाळा सुटणार आणि टँकरची रांग कायमची गळ्यात पडणार, हे मामांना दिसत होतं.

तिची उत्तरपत्रिका पाहून मामा चमकले. बेरीज-गुणाकारात पैकीच्या पैकी. नळ-हौदाच्या गणितांत भोपळा. 'दोन नळ सोडल्यास हौद किती वेळात भरेल?' याखाली तिने लिहिलं होतं, 'नळाला पाणी आलं तर सांगता येईल.'

सगळ्या मुलांच्या उत्तरपत्रिका काढून, एक प्रश्न सुटलेल्याला दुसराही सुटतो का, अशा सगळ्या प्रश्नांच्या जोड्या लावत शेषेरावांनी घटक विश्लेषण केलं, म्हणजे परीक्षा मुळात किती गोष्टी मोजते ते शोधलं. डोळ्यांची वाट लागली, पण निकाल लख्ख निघाला. पाण्याची गणितं एकमेकांना धरून होती. बाकीच्यांशी त्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. ते तडक कचेरीचे प्रमुख अमृतराव साहेबांकडे गेले.

"साहेब, ही परीक्षा दोन गोष्टी मोजायलीय. एक गणित, अन् दुसरं घरी नळ हाय का न्हाई!"

"मंग?"

"पाण्याचे सवाल काढून टाका. खेड्यातल्या लेकरांवर जुलूम हाय हा."

"शाब्बास! तुमच्या सहीनं वर पाठवतो."

वरून उत्तर आलं त्या दिवशी मामांनी आधीच पेढे आणून ठेवले होते. साहेबांनी एक तोंडात टाकला आणि वाचलं, "परीक्षेत दोन घटक असल्याचे सिद्ध झाल्याने दोन्ही घटकांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण होणे सक्तीचे राहील." पाण्यात भोपळा मिळालेली सगळी नावं यादीतून उडाली.

"पण साहेब, मी तर..."

"तुमचंच मानलं की वरच्यांनी!" म्हणत साहेबांनी दुसरा पेढा उचलला.

शेषेराव एसटीने गावी गेले. शिवकन्या टँकरच्या रांगेत होती.

"मामा, झालं का माझं?"

त्यांना तिच्याकडे बघवेना. "पाण्यात नापास केलं गं तुला. माझ्यामुळंच."

तिने घागर त्यांच्या हातात दिली. "मंग तुम्हीच भरा. तुम्ही लई शिकलाव."

मामा सरकत सरकत पुढे पोचले. त्यांनी घागर धरली, तोच नळी दोनदा खोकली आणि गप्प झाली. टँकर संपला होता.

"मामा बी नापास," शिवकन्या म्हणाली आणि रिकामी घागर काखेत घेऊन घराकडे वळली.