माहेरचा चढ

तुम्ही माहेरी निघालात की तुमच्या वाटेवरचा घाट किती खाली येतो? आमचा गवळणघाट एरवी आठाला एक आहे, म्हणजे आठ पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. पण गाडीत माहेरी जाणारी लेक असेल तर तो पंचविसाला एक होतो. रस्ता तेवढाच राहतो, पाच किलोमीटर. त्यामुळे घाटमाथ्यावरचं माझं माहेर, कुसवडे, तेवढ्या वेळापुरतं सव्वाचारशे मीटर खाली येतं. भांडी पडत नाहीत, जनावरं बुजत नाहीत. फक्त गावातल्या माणसांचे कान दडतात. कान दडले की बाया म्हणतात, "कुणाची तरी लेक येतेय," आणि चुलीवर चहा ठेवतात.

ही सवलत जुनी आहे आणि तिचा फायदा सगळेच घेतात. विटांचे ट्रकवाले घाटाखाली थांबून राहतात, एखादी माहेरवाशीण आली की तिच्या मागे रांग लावतात. आमच्या घरी फायदा शिकारीला होत होता.

आमचे हे वेल्डिंगचं काम करतात. त्यांनी एका जुन्या टेम्पोच्या हौद्यावर पत्रा ठोकून चाकांवरची खोली बनवली आहे. आत दोन फळ्यांचे पलंग, गॅस, पाण्याची टाकी, खिडकीला जाळी. तिला आम्ही डबा म्हणतो. दरवर्षी दिवाळीनंतर कुसवड्याच्या नाचणीत रानडुकरं शिरतात, तेव्हा गावाच्या वतीने परवाना निघतो, आणि हे आणि यांचे दोस्त इसाकभाई जीपमागे डबा जोडून वर जातात. बंदूक इसाकभाईंची. ते स्वतः डुक्कर खात नाहीत, म्हणून वाटणीच्या वेळी सगळ्यांचा त्यांच्यावर विश्वास असतो. अकरा वर्षांत दोन डुकरं मिळाली. बाकीच्या वर्षी कोंबडी केली.

डब्याचं वजन सोळाशे किलो. आमची जीप माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान आहे. आठाच्या चढावर ती डबा ओढू शकत नाही. म्हणून अकरा वर्षं मला पुढे बसवून नेतात. मला माहेरी सोडायचं, आपण माळावर डबा लावायचा, चार दिवसांनी मला घेऊन उतरायचं. उतरताना घाट पुन्हा आठाला एक होतो. सासरी जाणाऱ्या बाईला कसलीच सवलत नाही.

यंदा माझं मन धजत नव्हतं. आई फाल्गुनात गेली. वैशाखात मी तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली, सगळ्या बहिणी करतात तशी. घर दिगूच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, एकट्याच्या नावावर झालं. सही करून बाहेर आले तेव्हा त्याने मला उसाचा रस पाजला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. भाऊबिजेला तोही आला नाही. मी दिवसभर ओवाळणीचं ताट झाकून ठेवलं होतं, संध्याकाळी उचललं.

आई असताना घाट खाली येत होता तो आईसाठी की माझ्यासाठी, ते मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते मला माहीत करून घ्यायचंही नव्हतं. घरात बसून बाईला वाटत राहतं की आपलं माहेर आहे. घाटावर गेलं की ते मोजून निघतं.

हे मी यांना सांगितलं.

"माहेर काय कुठे पळून गेलंय?" हे म्हणाले. "तू पुढे बस फक्त. दिगूकडे जायचं नाही आपल्याला. माझ्या बायकोला भाऊबिजेला विचारलं नाही त्याने. माळावर डब्यातच राहा."

"मग ते माहेरी जाणं कसं होईल?"

"वर जाणं तर होईल!"

मी पिशवी भरली. दोन लुगडी, डब्यात लागेल म्हणून तिखट-मीठ, आणि सर्वांत खाली दिगूच्या मुलींसाठी केलेले पोह्याचे पापड. ते का घेतले असं कुणी विचारलं नाही.

घाटाच्या पायथ्याला चढ-तपासणी नाका आहे. तिथे खानविलकर साहेब बसतात. शांत माणूस, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी नेहमीप्रमाणे फॉर्म काढला.

"ताई, कुठे?"

"कुसवड्याला."

"माहेरी?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे हूकची साखळी तपासत होते. "हो," मी म्हटलं.

"माहेरी कोण?"

"भाऊ आहे."

"आई लिहायची ना दरवर्षी आपण?"

"फाल्गुनात गेली."

खानविलकर साहेबांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "वाईट झालं. आईपश्चात पहिला चढ म्हणजे आधी काही सांगता येत नाही बघा. भरला तर भरला. मागच्या महिन्यात एकीला अठराच मिळाला, अर्ध्यातून बैल लावून नेली गाडी."

"साहेब, घाबरवू नका आमच्या वहिनीला," इसाकभाई मागून म्हणाले. "तुम्ही पाणी बघा."

साहेबांनी पाणपट्टी काढली, आत बुडबुडा असतो ती. रस्त्यावर ठेवली, उकिडवे बसले, चष्मा वर केला. मी जीपमध्ये डोळे मिटून घेतले.

"पंचविसाला एक," ते म्हणाले, सही केली आणि शिक्का मारला. मागे विटांच्या दोन ट्रकवाल्यांनी इंजिनं चालू केली.

जीप डबा ओढत निघाली. सपाटीवर जाते तशी जात होती. इसाकभाई पलीकडच्या कडेला बसून बंदुकीच्या पिशवीवर बोटांनी ताल धरत होते. मला इतकं हलकं वाटत होतं की मी मनात दिगूच्या घरापर्यंत पोचलेसुद्धा. कुंदा वहिनी दारात येईल, मी पिशवी खाली ठेवीन, पापड काढीन.

चौथं वळण गेल्यावर हे म्हणाले, "आता ऐक. वर गेल्यावर वाडीतून जायचं नाही. मागच्या वाटेने थेट माळावर. दिगू दिसला तरी हाक मारायची नाही. त्याला कळू दे जरा."

यांचा राग माझ्यासाठीच होता. त्यामुळे मला वाद घालवेना. "बरं," मी म्हटलं.

आणि घाट उभा राहिला.

जीपचं नाक वर गेलं, पुढे रस्त्याऐवजी आभाळ दिसायला लागलं. इंजिन घरघरलं, क्लच प्लेट जळाल्याचा वास आला, आणि मागून डब्याने आम्हाला खाली ओढायला सुरुवात केली. "दगड! इसाक, दगड लाव!" हे ओरडले. इसाकभाई या वयात कसे उडी मारून उतरले देव जाणे. जीप दोन हात मागे सरकली आणि चाक दगडावर टेकलं. मग दुसऱ्या चाकाला, मग डब्याच्या चाकांना. मागचे ट्रकवालेही उतरून आपापल्या चाकांना दगड लावत होते आणि आमच्याकडे बघत होते.

"काय झालं ओ?" एकाने विचारलं. "माहेरवाशीण उतरली का मधेच?"

"बसलीय की," इसाकभाई म्हणाले.

यांनी नाक्यावर फोन लावला. वीस मिनिटांनी खानविलकर साहेब चालत आले, त्यांची स्कूटर दुसऱ्या वळणावरच थांबली होती. त्यांनी पाणपट्टी ठेवली. "आठाला एक. नाक्यावर पंचवीस होता. ताई, मधे काय घडलं?"

"काही नाही."

"काही बोललात का?"

"मी 'बरं' म्हटलं."

"कशाला 'बरं' म्हटलं?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे पुन्हा हूकची साखळी तपासायला लागले. इसाकभाई म्हणाले, "याने तिला सांगितलं, भावाकडे जायचं नाही. ती 'बरं' म्हणाली."

खानविलकर साहेबांनी ते फॉर्मच्या मागे लिहून घेतलं. मग यांच्याकडे वळले. "शेलार, घाट काय तुमच्या डब्यासाठी वाकतो? सोळाशे किलो लोखंड माळावर न्यायला शासनाने काही सवलत ठेवलेली नाही."

"मग हिने म्हणावं की जाते. शालन, म्हण."

"जाते," मी म्हटलं.

साहेबांनी पट्टीकडे पाहिलं. "आठ."

"जरा मनापासून म्हण की!"

"अहो, मनापासून कसं म्हणू?" मला रडू यायला लागलं. "मला बोलावलेलंच नाही. सही करून दिली मी साहेब, घरावरचा हक्क सोडला. तिथे आता माझं काय आहे?"

खानविलकर साहेबांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. "हक्क सोडल्याचे कागद तालुक्याला जातात. आमच्याकडे येत नाहीत. आमच्याकडे फक्त चढ असतो, आणि तो सकाळी तुम्हाला पंचवीस मिळालेला आहे. माझी सही आहे त्यावर."

मी त्या सहीकडे पाहिलं. शाई अजून ताजी होती.

मग मी पिशवी घेतली आणि उतरले. पदर खोचला आणि चालायला लागले. पहिली वीसेक पावलं गुडघ्यांत आली. मी दिगूला काय म्हणायचं ते ठरवत होते. तो दार लावून घेईल, तर ओट्यावर बसायचं. तो म्हणाला कशाला आलीस, तर म्हणायचं पापड द्यायला. पाणी पिऊन परत फिरायचं, पण दारापर्यंत जायचं. असं सगळं ठरवून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला धाप लागलेली नाही.

मागून इसाकभाईंची आरोळी आली, "पंचवीस! वहिनी, पंचवीस!"

जीप मागून आली. यांनी दार उघडलं. "बस आता."

"नको. गाडीत बसले आणि पुन्हा 'बरं' म्हटलं तर?"

यांनी दार ओढून घेतलं. मी पुढे चालत राहिले, माझ्या मागे जीप, तिच्या मागे डबा, त्यामागे विटांचे दोन ट्रक, सगळे पहिल्या गिअरवर. एकानेही हॉर्न वाजवला नाही. सव्वा तासाने घाटमाथा आला. मागच्या वाटेचा फाटा आला तेव्हा मी वळले नाही आणि जीपही वळली नाही.

दिगू वाडीच्या तोंडाशी रस्त्यात उभा होता. नाक चिमटीत धरून, गाल फुगवून कान सोडवायचा प्रयत्न करत होता. मला पाहिलं आणि नाक सोडलं.

"आक्का!" तो ओरडला. "सकाळी कान दडले! कुंदाने चहा टाकला! मग एकदम सुटले! मला वाटलं परत फिरलीस!"

"माझीच वाट बघत होतास कशावरून?" मी विचारलं. "दुसऱ्या कुणाची लेक असेल."

"काय?"

मी जवळ जाऊन त्याच्या कानाशी पुन्हा विचारलं.

"सगळ्यांच्या भाऊबिजेला येऊन गेल्या! तूच उरली होतीस!" कान दडलेले असल्यामुळे तो जे बोलत होता ते सगळं ओरडूनच बोलत होता. "तुझी सही घेतली आणि वर 'ये' म्हणून कुठल्या तोंडाने फोन करू? रोज कान दडतात का बघत होतो! सहा महिने!"

वाडीतली माणसं दारांत आली होती. त्यांचेही कान दडलेले होते, पण दिगूचं बोलणं त्यांना नीट ऐकू गेलं. एक म्हातारी तर कुणाला तरी सांगायला लगबगीने आत गेली.

हे जीपमधून उतरले. घसा खाकरला. दिगू त्यांच्या पाया पडायला वाकला तसा यांनी त्याला मधेच धरलं. "असू दे, असू दे. तुझा फोन नंबर बदललाय का म्हणतो मी?"

"काय, दाजी?"

"काही नाही!" हे ओरडले. "बरा आहेस ना!"

कुंदा वहिनी चहाचं पातेलं घेऊन दारात उभी होती. "वन्सं, एकदा टाकलेला ओतून दिला मी. हा दुसरा. आता तरी आत या, नाहीतर हाही जाईल." मी आत गेले आणि पिशवी खाली ठेवली. पापड वरच दिसले, कारण चालताना सगळी पिशवी उलटीपालटी झाली होती. दिगूच्या धाकटीने विचारलं, "कच्चे का आणलेस?" मी म्हटलं, "तळायला तेल तुमचं."

माणूस घरी पोचलं की संध्याकाळपर्यंत गाव पुन्हा आपल्या जागी जातं, असा नेहमीचा क्रम आहे. आई असताना दिवेलागणीला कान सुटायचे आणि ती म्हणायची, "चला, चढलो." त्या दिवशी दिवे लागले, भाकरी झाल्या, इसाकभाई कोंबडी घेऊन आले, हे आणि दिगू ओट्यावर एकमेकांच्या कानाशी ओरडून शिकारीचं ठरवत बसले. कान कुणाचेच सुटले नाहीत. दिगूने दोनदा नाक दाबून पाहिलं आणि नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानविलकर साहेबांनी पायथ्याला घाट मोजला, तो अजून पंचविसाला एकच भरला, आणि त्यांनी नाक्याच्या फळ्यावर खडूने लिहिलं: "लेक अजून घरीच आहे. अवजड वाहनांनी आजच चढून घ्यावे."