फ्रिजवर टकटक

पास्कोलकाका आमचा फ्रिज उघडण्याआधी त्याच्या दारावर दोनदा टकटक करतात. बोटाच्या पेरानं, हलकेच. मग कान देऊन थांबतात आणि समाधानानं म्हणतात, "झोपलेत."

झोपलेत म्हणजे ट्युलिपचे गड्डे. काका ते ऑक्टोबरात ड्रॅगन मार्टमधून कागदी पिशवी भरून आणतात. त्यांना तीन महिने थंडीत ठेवलं, तरच पुढे फूल धरतं. दुबईत तेवढी थंडी फक्त फ्रिजमध्ये. काका आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर बेडस्पेस घेऊन राहतात. एका खोलीत सहा जण, एक फ्रिज.

"तिथं ठेवले तर कुणीतरी कांदा समजून ऑम्लेटात घालील, बाय," ते मला म्हणाले होते. "गड्डे जातील ते जातील, वर माणूस दवाखान्यात."

म्हणून आमचा खालचा ड्रॉवर. मी हो म्हटलं, कारण मला निर्णय पटकन घ्यायची सवय आहे. ऑफिसात मी अ‍ॅडमिन बघते आणि घरातही. आठवड्याची यादी फ्रिजच्या दारावर मॅग्नेटखाली असते: वार, वेळ, काम, किती मिनिटं.

काका मूळचे वसईचे. इथं एका हॉटेलच्या बँक्वेटला सुपरवायझर, शुक्रवारी सुट्टी. दर शुक्रवारी साडेचारला इस्त्रीचा शर्ट घालून गड्ड्यांना भेटायला यायचे. टकटक, पाहणी, मग चहा. छातीवर क्रूस काढून म्हणायचे, "मार्चमध्ये फूल, इन्शाल्ला." बिल्डिंगमागे वॉचमननं त्यांना भिंतीलगतची थोडी जागा दिलीय. तिथं हॉटेलातून आणलेले मासळीचे सात थर्माकोलचे खोके मांडलेत. त्याला ते 'वाडी' म्हणतात. "वाडीत जाऊन येतो," असं दुबईतल्या आमच्या या इंटरनॅशनल सिटी वस्तीत म्हणणारा दुसरा माणूस नसेल. चहा संपला की बरोबर दहा मिनिटांत उठायचे. "खलास. तुझी कामं असतील." इतका वक्तशीर माणूस बघितला नाही, असं मी नवऱ्याला कौतुकानं सांगायचे.

माझी मुलगी इशासुद्धा दूध काढायच्या आधी टकटक करायला लागली. मी घाईत फ्रिज तसाच उघडला की ओरडायची, "मॉम, नॉक फर्स्ट."

पहिल्या वर्षी अकरा फुलं आली. एक वॉचमनला, एक मला, बाकीची चर्चला. दुसऱ्या वर्षी काकांनी चाळीस गड्डे आणले. मार्चमध्ये मार्थामावशी येणार होत्या, त्यांची बायको, व्हिजिट व्हिसावर, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"तीस वर्षं ती पहाटे उठून फुलं खुडते," काका म्हणाले. "दादरला पाठवते. लग्नाला, देवळाला, मयताला, सगळ्यांना तिच्या हातची फुलं. तिच्या हातात कुणी दिली नाहीत. मीपण नाही." मग पिशवी ड्रॉवरमध्ये ठेवत बजावलं, "एक कर, बाय. सफरचंद ठेवू नकोस इथं. सफरचंद श्वास सोडतं. त्यानं फूल आतल्या आत मरतं."

मी मान डोलावली आणि मनात हसले.

डिसेंबरात नवऱ्याच्या कंपनीतून सफरचंदांची पेटी आली. अख्खा ड्रॉवर एका कागदी पिशवीसाठी अडवून ठेवणं माझ्या शिस्तीत बसेना. मी सफरचंदं तिथंच रचली. गुरुवारी संध्याकाळी बाहेर काढायची, शनिवारी सकाळी परत आत. एकदाही विसरले नाही. या नीटनेटकेपणाचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मार्चमध्ये खोक्यांतून पानं वर आली. रुंद, हिरवीगार, चाळीसच्या चाळीस. फूल एक नाही. मी बाल्कनीतून बघायचे. काका रोज सकाळी गुडघ्यांवर बसून एकेक पान बाजूला करून आत डोकवायचे. मला तेव्हाच खाली जायला हवं होतं. मी गेले नाही. इंटरनेटवर मात्र शोधलं. काका म्हणाले होते ते अक्षरशः खरं होतं.

मावशींना आणायला विमानतळावर काकांना मीच गाडीनं नेलं. तेवढं तरी करावं म्हणून. काकांनी पानांचाच गुच्छ वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला होता. मावशींनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, वास घेतला.

"याची भाजी करायची काय?"

"इथली हवा बेकार," काका म्हणाले. "फूल धरलं नाही." आणि मी गाडीची किल्ली शोधायला लागले. ती माझ्या हातातच होती.

मावशी महिनाभर राहून परत गेल्या. उन्हाळा गेला. या ऑक्टोबरात, शुक्रवारी साडेचारला, बेल वाजली. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदी पिशवी. काका स्वयंपाकघरात आले, दारावर टकटक करायला बोट उचललं, आणि मला राहवेना.

"काका, सफरचंदं मी ठेवली होती."

त्यांनी दोनदा टकटक केली. ड्रॉवर उघडला. रिकामा होता, मी सकाळीच पुसून ठेवला होता.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "जानेवारीत लावायला काढले, तेव्हा पिशवीच्या बुडाला सफरचंदाचा स्टिकर होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू लाजेनं म्हणाली असतीस, काका, आता दुसरीकडे ठेवा." पिशवी त्यांनी आत सरकवली, पालथ्या हातानं ड्रॉवर बंद केला. "थंडी काय, हॉटेलातपण आहे. अख्खी कोल्ड रूम आहे तिथं. पण शुक्रवारी मी कुठं आलो असतो? दहा मिनिटं का होईना."

मी चहा ठेवायला वळले. यादी फ्रिजच्या दारावर होती, त्यांच्या टकटक करणाऱ्या बोटापासून वीतभर वर, माझ्या सुवाच्य अक्षरात: शुक्रवार, ४.३०, पास्कोलकाका, १० मि.