वाजणारं दार

"बाबा, शनिवारी संध्याकाळी मी दार वाजवणार आहे. याल का?"

मुलीचा फोन कुपीकाकांनी स्पीकरवर ठेवला होता. ते चमकून काकूंकडे बघायला लागले. काकूंनी हात पुसले आणि फोनवर वाकल्या. "अगं, दार वाजवायला विचारतेस कसली? घर तुझंच आहे. वाजवायचं आणि आत यायचं!"

"आई, घरचं नाही गं. कार्यक्रमात. मंचावर. सगळ्यांसमोर."

"नुसतं दार?"

"बादली आणि सायकलचं चाकही आहे. पण मुख्य दार."

काकूंनी कपाळाला हात लावला, पण काका लगेच म्हणाले, "येतो! येतोच मी!"

घाईचं कारण होतं. मुलगी लहानपणापासून व्हायोलिन शिकली होती. मग एक दिवस तिनं ते पेटीत ठेवलं आणि पत्रे, चाकं, पंखे असलं काही वाजवायला लागली. तिच्या पहिल्या कार्यक्रमाला काका पहिल्या रांगेत बसले होते आणि ऐन रंगात शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाले होते, "बिघडलंय वाटतं काहीतरी." सभागृह हसलं होतं. मुलगी हसली नव्हती. नोकरीच्या गावी भाड्याच्या खोलीत राहायला गेली, ती त्यानंतर घरी फिरकलीच नव्हती. फोनवर आईशी बोलायची आणि "बाबा बरे आहेत ना?" एवढं विचारून ठेवून द्यायची. आज पहिल्यांदा तिनं "बाबा" अशी हाक आधी मारली होती.

काकांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात येणारी प्रत्येक बाई एकच तक्रार सांगे, "काका, मशीन वाजतंय हो." वाजणं म्हणजे दुखणं, हे काकांच्या कानांत इतकं मुरलं होतं, की रस्त्यावरून जाताना कुणाचं फाटक कुरकुरलं तरी त्यांचा जीव कळवळे. शर्टाच्या खिशात तेलाची लांब चोचीची कुपी कायम असे, म्हणूनच सगळे त्यांना कुपीकाका म्हणत. परक्याच्या फाटकाला दोन थेंब पाजून ते गुपचूप पुढे सरकत. माया करायची म्हणजे तेल घालायचं, याहून दुसरी रीत त्यांना येत नव्हती. मुलगी शाळेत होती तेव्हा तिच्या सायकलीला, कंपासपेटीला, छत्रीच्या काड्यांनासुद्धा तेल असे. वह्यांवर डाग पडत, बाई ओरडत, पण पोरीचं काही म्हणून कुरकुरत नसे.

"तिथं तोंड उघडायचं नाही," निघताना काकूंनी बजावलं. त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून काका एकटेच निघाले. "आणि हे नवे बूट घाला. पोरीची मान खाली जायला नको."

"चावतात गं."

"चावू देत. तेवढंच गप्प बसाल."

कार्यक्रम एका जुन्या गोदामात होता. काका लवकर पोचले. मुलगी मंचावर वायरी जुळवत होती. केस कापलेले, चेहरा उतरलेला. तिनं वाकून नमस्कार केला. 

"जेवलीस?"

"नंतर. तुम्ही बसा हं, बाबा. मी कपडे बदलून येते."

ती आत गेली. गोदाम रिकामं झालं. मंचाच्या मधोमध एक जुनं लाकडी दार चौकटीसकट उभं होतं, त्याला घर नव्हतं की भिंत. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली, दार जरासं हललं, आणि बिजागऱ्या कण्हल्या, "कुईंऽऽर्र..."

काका ताडकन उठले. अरेरे! पोर सगळ्यांसमोर दार वाजवणार, म्हणजे छान ताल धरून थापा मारणार, आणि हे भंगार मधेच असं किंचाळणार? लोक पुन्हा हसणार! दुसऱ्याच क्षणी चावरे बूट खाली काढून काका मंचावर होते आणि कुपी हातात होती. वरच्या बिजागरीला थेंब, मधल्या बिजागरीला थेंब, खालचीला गुडघ्यावर बसून थेंब. दार पुढं-मागं करून त्यांनी तेल मुरवलं. दार झोपलेल्या बाळासारखं गप्प झालं. काका हात पुसत जागेवर येऊन बसले, बूट पुन्हा पायांत चढवले. इतकं समाधान त्यांना फार दिवसांनी लाभलं होतं.

लोक जमले. काकांच्या शेजारी एक दाढीवाले गृहस्थ टेकले. दिवे मंदावले. मुलगी आली. तिनं बादलीच्या काठावरून ओलं बोट फिरवलं, चाकाच्या तारा छेडल्या. काकांना फारसं कळलं नाही, पण चाक फिरताना टपटप पावलं पळत असल्यासारखं वाटलं, आणि त्यांना बरं वाटलं.

मग ती दाराशी आली. सभागृह श्वास रोखून बसलं. तिनं दार हलकेच ओढलं.

काही नाही.

आणखी ओढलं. लोटलं. काही नाही. 'आता थाप मारेल,' म्हणून काका पुढे सरकले. ती थाप मारेना.

दाढीवाले कुजबुजले, "याच्यासाठी मी मुद्दाम आलोय. मागच्या वेळी काय रडल्या होत्या बिजागऱ्या! आहाहा!"

"बि... बिजागऱ्या?"

"मग! तिनं त्या कित्येक दिवस उघड्यावर भिजवून तयार केल्यात. तेच तर वाद्य!"

काकांच्या खिशातली कुपी एकदम निखाऱ्यासारखी लागायला लागली.

"पण आज मौन ठेवलंय," दाढीवाले गहिवरले. "केवढं धाडस! आवाज न करणारं दार!"

काका दाराकडे बघत नव्हते. ते पोरीचा खालचा ओठ बघत होते. रडू यायच्या आधी तो आत दुमडायचा, तसाच आत्ता दुमडला होता. त्यांना राहवेना. सगळ्यांदेखत सांगून टाकायचं, पोरीचा काही दोष नाही, मीच घोटाळा केलाय, असं ठरवून ते उठले आणि पाऊल टाकलं.

"कुईच!"

बूट! येताना रस्त्याच्या गोंगाटात न ऐकू आलेला बुटाचा आवाज त्या गच्च शांततेत छतापर्यंत गेला. माना वळल्या. काका थिजले. मग चवड्यावर जोर देऊन चोरपावलानं पुढचं पाऊल टाकलं. "कुईंऽऽच!" आवाज आणखी लांबला. जन्मभर जगाला तेल पाजलं, आणि नेमके स्वतःचे बूट राहिले.

मंचावर मुलीनं मान वर केली. बापाला बघितलं, मग बुटांना. आणि हळूच दार जरा उघडलं. तिथंच थांबवलं. वाट बघत राहिली.

काकांनी पाऊल टाकलं. "कुईच." दार तेवढंच सरकलं. ते थांबले, दार थांबलं. त्यांनी घाबरून भराभर दोन पावलं टाकली, दारही भराभर मिटलं. पायऱ्या चढताना बूट वेगळ्याच सुरात कण्हले, तसं दार सावकाश, पूर्ण उघडलं. दार मुकं, बूट बोलके. पण ऐकणाऱ्याला वाटावं, दारच बोलतंय.

"बाळ, मी त्याला तेल—" काका पुटपुटले.

"कळलंय. वास आला," ती ओठ न हलवता म्हणाली. "चालत राहा, बाबा."

ते दारातून पलीकडे गेले. तिनं मागून दार लावलं. टाळ्यांनी पत्रे हादरले.

नंतर दाढीवाल्यांनी काकांचे दोन्ही हात धरले. "आपण कुणाकडून घेतलंत हे?"

"बूट? चौकातल्या दुकानातून. चावतात पण."

मुलगी सामान बांधत होती. काका तिच्यामागं उभे राहिले. "खराब झालं ना गं दार?"

"आता काही दिवस तरी रडायचं नाही ते." ती वाकलेली होती. खांदे हलत होते, पण हसण्यानं की कशानं, काकांना दिसेना.

"घरी येशील?"

"बघते," एवढंच ती म्हणाली.

त्या 'बघते'वर काका परत आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काहीतरी बिनसलं. दुकानातून येताना शेजारचं फाटक कुरकुरलं तरी ते नुसते उभे राहून ऐकत, मान डोलवत. एका दुपारी काकू बाहेर आल्या, तर हे वाटी-चमचा घेऊन आपल्याच दाराशी बसलेले.

"अहो, काय चाललंय?"

"मिठाचं पाणी घालतोय. बिजागरीला."

"गंजेल ना ती!"

"गंजायलाच हवी." त्यांनी दार हलवून कान लावला. "छे. अजून कच्चं आहे."

"जन्मभर तेल घातलंत, आणि आता..." काकू वाक्य अर्धं टाकून आत गेल्या. पण दुसऱ्या दिवशी वाटीत मीठ त्यांनीच घालून ठेवलं होतं.

बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी दार वाजलं. दोन हलक्या थापा. काकांनी उठून दार उघडलं, आणि दार असं काही कण्हलं, "कुईंऽऽऽर्रर्र...", की बाहेर बॅग घेऊन उभी असलेली मुलगी आत यायचंच विसरली. तिनं डोळे मिटले.

"बाबा, पुन्हा."

काकांनी दार लावलं, पुन्हा उघडलं.

"कधीपासून वाजतंय हे?"

आतून काकूंचा आवाज आला, "तुझ्या वाटेकडे डोळे लागल्यापासून! घरातलं सगळं मीठ संपवलं त्यांनी. आता आत ये, आणि जेवण अळणी लागलं तर तुझ्या बापाला विचार!"