सौनागडाच्या वेढ्याचा करीना

श्रीसरोवर प्रसन्न. उत्तरदेशी फिनलंड प्रांती कुउसिलाम्पी कसब्यास सौनागडी वेढा पडिला, आत कोण होते, बाहेर कोण काकडले आणि तह कोणत्या कलमांवर जाला, येविषयी गावचे लोक चार तऱ्हांनी सांगतात, आणि जो तो आपण तेथे हजर होतो म्हणतो. यास्तव खरे वर्तमान थोरामोठ्यांस पुसोन, पदरचे तिखटमीठ न लाविता, लिहिले असे.

सरोवराकाठी नमद्याच्या, म्हणजे दाबिल्या लोकरीच्या, तांबड्या बुटांचा कारखाना. त्याचे संचालक मंडळाचे अध्यक्ष श्रीमंत ताउनो हाक्काराइनेन, आवाज खणखणीत, मिशा भरदार, आणि "पुढच्या वर्षी बघू" हे शस्त्र सदैव कमरेस. मंडळात असामी पाच. चार पुरुष, आणि पाचव्या इर्मेलीबाई कांकारे, मालाची पारख करणाऱ्या खात्याच्या प्रमुख, याच काठी वाढलेल्या. रिवाज ऐसा की, बैठकीच्या दिवशी काठावरील लाकडी सौना, म्हणजे वाफेचे न्हाणीघर, तापवावा, आधी बायकांनी वाफ घ्यावी, मग पुरुषांनी, आणि उपरांत कॉफीच्या मेजावर बैठक भरवावी. परंतु मसलत सगळी पुरुषांच्या पाळीत, वरच्या फळीवर घाम निथळत होत असे, आणि मेजावर निकाल शिजोनच येत असे. इर्मेलीबाई आपल्या पाळीत एकट्या बसोन चुलीशी मसलत करीत, आणि चुलीस मताचा अधिकार नव्हता.

रंगखान्याचे पाणी सरोवरात जाई. ते शुद्ध करावयाचे यंत्र आणावे, ऐसा ठराव बाईंनी वर्षानुवर्षे मांडिला, आणि वर्षानुवर्षे तो कॉफी निवण्याआधी गारद जाला. मग एके हिवाळी बाई गोठल्या सरोवरात पाडिलेल्या बर्फाच्या भोकात डुबकी मारोन वर आल्या, पांढऱ्या पंच्याने अंग पुसिले, तो पंचा गुलाबी. बाईंस रडू कोसळले. यंत्र येईल, नाहीतर आपण राजीनामा देऊन गाव सोडू, ऐसा पण मनी धरिला.

इतक्यात बँकेचा खलिता आला की, कर्ज पाहिजे तर पर्यावरण, समाज आणि कारभार या तिन्ही जबाबदाऱ्यांत आपण काय दिवे लाविले ते कळवावे. अध्यक्षसाहेब डगमगले नाहीत. बसल्या जागी दोन हुकूम काढिले. पर्यावरणाचा ऐसा की, बैठकीच्या दिवशी सौना एकदाच तापेल, लाकडाची मोळी एक, वर काटकी नाही. समाजाचा ऐसा की, पहिली पाळी बायकांची, आणि आतल्या असामीस "आटप" म्हणणे सक्त मना. कारभाराच्या रकान्यात "उत्तम" इतकेच लिहिले. मग खांद्यावर कुऱ्हाड घेऊन तसबीर काढविली आणि हिरव्या अहवालाचे मुखपृष्ठी झळकले. ती कुऱ्हाड आपल्याच पायावर मारोन घेतली, हे पुढे कळो आले.

बाईंनी हुकूम वाचिला, फिरोन वाचिला, आणि तडक लेम्पीबाईंचे घर गाठिले. लेम्पीबाई कारखान्याच्या मूळ पुरुषाची कन्या, उमर ऐंशीपलीकडे, भांडवलात मोठी वाटेकरीण, बैठकीत बसोन मत देण्याचा हक्क असोन "ती कॉफी कोण पिणार" म्हणोन न येणारी.

“दोन तास वाफ सोसेल का तुम्हाला?” इर्मेलीबाईंनी विचारले.

“अगं, माझा जन्मच सौनातला,” लेम्पीबाई म्हणाल्या. “तेव्हाही मी माझ्या वेळेनंच बाहेर आले. सॉसेज मी आणते.”

मग फेब्रुवारीतला बैठकीचा शुक्रवार उगवला. थंडी मी म्हणत होती, शून्याखाली बारा अंश. दोघी बायका सरबताच्या बाटल्या, अंग झोडावयास भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी आणि सॉसेजची परडी ऐसी रसद घेऊन गडात शिरल्या, आणि आतून कडी घातली. इकडे चौघे सरदार रिवाजाप्रमाणे कारखान्यात कपडे उतरोन, कमरेस पंचा, पायी कारखान्याचे तांबडे बूट ऐसे पटांगण ओलांडोन गडाखाली दाखल जाले. मागे कारखान्याचे दार आपोआप लागले. कामगार शुक्रवारचे लवकर घरी गेले होते, आणि दार उघडावयाचे कार्ड साहेबांच्या विजारीत, विजार आत. परतीची वाट ऐसी बंद जाली.

“इर्मेली, झालं का गं?” साहेबांनी दारावर टकटक केली.

“नाही अजून.”

मग आणखी काही वेळ लोटला. आतून चर्रर्र ऐसा वाफेचा आवाज आणि भाजलेल्या सॉसेजचा वास येत होता, आणि खजिनदार एस्को यांच्या भुवयांवर बर्फ धरो लागले.

“लेम्पीबाई, तुम्ही तरी सांगा हो तिला,” साहेब म्हणाले.

“ताउनो, मला आटप म्हणतोयस का?” आतून लेम्पीबाई बोलल्या. “तसं असेल तर स्पष्ट म्हण. मग बँकेला काय कळवायचं ते मी बघते.”

मग इर्मेलीबाईंनी खिडकीची वाफ पुसोन तोंड दाखविले.

“बैठक इथंच घेऊ. इतकी वर्षं सगळं सौनातच ठरतंय, आज मी आत आहे एवढंच. ठराव दोन. पाणी शुद्ध करायचं यंत्र उन्हाळ्याआधी बसवायचं. आणि सौनात ठरलेली गोष्ट यापुढे मेजावर मोजायची नाही. हात वर करा.”

एस्को प्रथम फुटले. “ताउनो, कर रे बाबा हात वर. माझे कान गेले.” बाकीच्या दोघांनीही हात वर केले. परंतु साहेब पंचा मुठीत आवळोन उभेच. आत इर्मेलीबाईंचा जीव टांगणीस लागला. चौघांपैकी हा एक बाहेर अडोन राहिला, तर उद्या मेजावर तिघांसही फिरवील, हे त्या जाणोन होत्या.

“ताउनो,” त्या हळू म्हणाल्या, “माझ्या बाबांनी आपल्याला दोघांनाही या धक्क्यावरूनच पाण्यात ढकललं होतं. तू किती बोंबलला होतास.”

साहेबांनी धक्क्याकडे पाहिले. बर्फाच्या भोकाकडे पाहिले, त्याच्या काठी गुलाबी पापुद्रा गोठला होता.

“तू माझ्या आधी पोहायला शिकलीस,” ते म्हणाले. “तुझ्या बाबांनी मला त्यावरून फार छळलं.”

मग त्यांनी हात वर केला. गडबडीत जो हात पंच्याचा, तोच वर केला. लेम्पीबाईंनी मान फिरविली, इर्मेलीबाईंनी मत मोजोन घेतले, आणि कडी काढिली.

सरदार आत धावले, तो चूल निवत आलेली. साहेबांनी दुसऱ्या मोळीकडे हात नेला, तेव्हा एस्को म्हणाले, “वर काटकी नाही. तूच लिहिलंयस.” मग चौघे चुलीवरील कोमट धोंड्यांभोवती गुडघ्यास गुडघा लावोन बसले, आणि लेम्पीबाईंनी उरलेली सॉसेज त्यांस दिली.

यंत्र उन्हाळ्याआधी बसले. पुढल्या हिवाळी बैठकीच्या दिवशी इर्मेलीबाई भोकात उतरल्या, वर येऊन पांढऱ्या पंच्याने अंग पुसिले, आणि तो पंचा सौनाच्या पडवीत खुंटीस टांगिला. साहेब आपल्या पाळीस आले, पंच्याकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि "पाणी मात्र थंड आहे" म्हणोन आत गेले. इतर मुलखात पांढरे निशाण हार मानिली म्हणोन लाविती. कुउसिलाम्पीस ते फत्तेचे जाणावे, आणि सरोवराकाठच्या दप्तरी हे वर्तमान ऐसेच नमूद आहे. पंचा पांढराच वाळला.