आप्पांना गोल्फमध्ये सुई दिसते

शिवगोंडाआप्पा टीव्हीवर गोल्फ बघायचे ते आवाज बंद करून, काचेला नाक लावून, एक डोळा बारीक करून. तिकडं सातासमुद्रापार कुणीतरी गोरापान गडी चेंडू हाणायचा, चेंडू ढगात जायचा, लोक टाळ्या वाजवायचे (ऐकू यायच्या नाहीत, पण वाजवायचे), आणि आप्पा मांडीवर थाप मारून म्हणायचे, "सुई!"

बस्स. एवढीच कॉमेंट्री. पुढचा गडी आला, त्यानं हाणला. "सुई!" त्याच्या पुढचा. "ह्येला तर सकाळ-सांज दोन येळंला हाय!"

आता सुई म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही मला वेड्यात काढाल. आमच्याकडं काही गवळी म्हशीला इंजेक्शन देतात. म्हैस लगेच पान्हा सोडते, वेळ वाचतो, दूध भराभर निघतं. आप्पांचा धंदा म्हशींचा आणि त्यांना जगात सगळ्यात जास्त राग कशाचा, तर या सुईचा. कुणी सुई मारतो असं कळलं की त्याच्या गोठ्यापुढं उभं राहून शिव्या घालून यायचे. मूळचे शिरोळकडचे, कपाळाला भस्माचे पट्टे. भांडण रंगात आलं की मराठीतून कानडीत शिरायचे, आणि मग समोरच्याला उत्तर तरी कुठल्या भाषेत द्यायचं हेच कळायचं नाही.

आमचं घर कोल्हापुरात, कसबा बावड्यात. आमच्या कंपाउंडच्या पलीकडं आप्पांचा गोठा. घरात आप्पा एकटे, लग्न केलेलं नाही. रोज संध्याकाळी म्हशी घेऊन गावातल्या दूधकट्ट्यावर जायचे. तिथं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, फेसाळ ग्लास हातात द्यायचा. पहिली धार जमिनीला, शेवटची रेडकाला, मधलं कोल्हापूरला, असा त्यांचा हिशेब.

आणि असा माणूस गोल्फ बघतो! मी इंजिनिअरिंगला होतो, घरात नवीन कंप्युटर आला होता, म्हणून आप्पांनी माझं नावच कंप्युटर ठेवलेलं. एकदा मी विचारलं, "आप्पा, गोल्फवाल्यांना सुई कशाला लागंल? त्यांना काय कुस्ती खेळायचीया? नुसतं चालायचं आणि हाणायचं."

"आरं कंप्युटर, सुई दिलेली म्हस वळकायची कशी? डोळा बघायचा. डोळा एका जाग्याव ऱ्हातो. कान हलत न्हाईत. आता हेच्याकडं बघ."

टीव्हीवर एक जण भोकापासून हातभर अंतरावर काठी धरून थिजल्यासारखा उभा होता.

"हलतोय काय कान?"

"आप्पा, माणसाचे कान हलतच न्हाईत."

"तुझं हलत नसतील," आप्पा म्हणाले. विषय संपला.

आता गंमत बघा. तेवढ्यात पेपरात बातम्या यायला लागल्या की गोल्फमध्येही काही खेळाडू औषधं घेतात असा संशय आहे, त्यांचीही तपासणी व्हायला पाहिजे. झालं! आप्पांनी ते कात्रण खिशात घालून अख्ख्या बावड्यात फिरवलं. त्यात लिहिलं होतं की फक्त ताकदीची नाही, तर ब्लडप्रेशरची काही औषधंसुद्धा चालत नाहीत, कारण त्यानं हात थरथरायचा थांबतो. आप्पांना स्वतःला बीपीची गोळी होती. तर हा माणूस गोठ्यात काठी आणि शेणाची गोवरी घेऊन प्रयोग करत बसला. एकदा गोळी खाऊन, एकदा न खाता. शेवटी मला बोलावून गंभीरपणे म्हणाले, "फरक हाय. पर गोवरी सरळ जात न्हाय."

तुम्ही म्हणाल, म्हशीवाल्याला गोल्फचं वेड लागलं कसं? तर बसूमुळं.

बसू म्हणजे आप्पांचा भाचा. त्याची आई, म्हणजे आप्पांची बहीण, तो तान्हा असतानाच गेली. बापानं दुसरं लग्न केलं आणि पोरगं मामाच्या गोठ्यात वाढलं. म्हशी चरायला जायच्या तिथं जवळच गोल्फचं मैदान. एक दिवस एक चेंडू उडत आला आणि आप्पांच्या गंगी म्हशीच्या पाठीत बसला. आप्पा तो चेंडू मुठीत धरून थेट आत गेले आणि टोपीवाल्या साहेबांच्या घोळक्यात उभं राहून ओरडले, "कुणाचं अंडं हाय हे?"

सोबत बसू होता. साहेब लोक हसले, बसूला काठी धरायला दिली. पुढं तो तिथंच साहेबांच्या पिशव्या उचलायला लागला, मग चोरून खेळायला लागला, मग उघड. आणि आमच्या बावड्याचा बसू चक्क प्रोफेशनल गोल्फर झाला! बंगळूर, पुणे, कलकत्ता, कुठं कुठं खेळायचा. पेपरात पार खाली, बारीक अक्षरात का होईना, नाव यायचं. मी सगळ्या कॉलेजला सांगत सुटलो होतो.

आप्पांनी कधी तोंडावर कौतुक केलं नाही. बसू घरी आला की त्याच्या दंडावर अंगठा दाबून बघायचे, बाजारात म्हैस बघतात तसं, आणि म्हणायचे, "जेवतोस न्हवं?" एवढंच. पण तो परत निघाला की खरवसाचा डबा, तुपाची बरणी, दुधाची किटली. एसटीत बिचाऱ्याच्या मांडीवर अर्धा गोठा असायचा.

तर एकदा दूधकट्ट्यावर मी ग्लास घेऊन उभा होतो. बंडा म्हणून एक गिऱ्हाईक, तोंडाचा भारी फाटका. आप्पांचं नेहमीप्रमाणं चाललेलं, हा सुईवाला, तो सुईवाला. बंडा म्हणाला, "व्हय आप्पा, सगळं जग सुईवालं. मग तुमचा बसू? गेल्या साली हाणत हुता त्येच्या दुप्पट लांब जातोय म्हणं आता चेंडू. दंड बघितलं काय त्येचं?"

सगळे हसले. मला वाटलं, आता कानडी सुरू होणार. बंडाचं काही खरं नाही.

आप्पा खाली मान घालून पिळतच राहिले. धार भांड्याबाहेर चालली होती, त्यांच्या लक्षात नव्हतं. आप्पांची धार चुकलेली मी कधी बघितली नव्हती.

त्याच आठवड्यात बसूचा फोन आला. आमच्या घरीच यायचा, आप्पांकडं फोन नव्हता. बसू खुशीत होता. "आप्पा, पुण्याच्या स्पर्धेपासनं आमची बी तपासणी हाय. तुम्ही म्हणत हुता न्हवं, व्हायला पायजे म्हणून? झाली बघा!"

आप्पांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांच्या घरातला टीव्ही बंद. गोल्फही नाही, सुईही नाही.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी आप्पा आमच्या दारात. "कंप्युटर चालू हाय काय?"

मी म्हटलं, चालू आहे. ते खुर्चीवर बसले नाहीत. दाराला पाठ लावून उभे राहिले.

"त्येला इचार, दुधातनं सुई माणसाच्या अंगात उतरती काय. आणि उतरली तर किती वरसं ऱ्हाती."

मला हसू आलं. मी म्हटलं, "आप्पा, तुमच्या म्हशीला कुठं सुई असती?"

"गंगीला हुती," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. माझ्याकडं न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत.

"बसू येवढासा हुता. दुसरं कायबी पोटात ठरत नव्हतं त्येच्या, फकस्त गंगीचं दूध. आणि गंगीचं रेडकू मेलं. रेडकू मेलं की म्हस पान्हा सोडत न्हाय, लेका. पेंढा भरून रेडकू केलं, फुडं उभं केलं, तिनं हुंगलं आणि तोंड फिरिवलं. गाणी म्हटली. पाया पडलो तिच्या. हिकडं पोरगं रडून रडून निळं. मग गेलो आणि आणली सुई. पोरगं चालाय लागस्तवर देत हुतो. म्हणून वळकतो मी. सुईवाल्या म्हशीचा डोळा लई दिस बघितलाय."

मी खुर्ची ओढून कंप्युटरपुढं बसलो.

"आता ती त्येच्या हाडात बसलीया. न्हाईतर येवढं लांब कसं हाणतंय रं ते? माझ्या घरच्या भाकरीनं काय? बंडा खोटं न्हाई बोलला. आणि आता तपासणीत घावणार. पोराची कायबी चूक नसताना."

मी एवढ्या वेगानं आयुष्यात कधी टाइप केलं नसेल. दहा पानं उघडली, वाचली, त्यांना समजावून सांगितलं. ते औषध दुधातून असं अंगात राहत नाही, वीस वर्षं तर मुळीच नाही, आणि गोल्फवाल्यांच्या बंदीच्या यादीत ते नाहीच. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या कंप्युटरनं म्हस बघितलीया काय कधी?"

आणि आम्ही पुण्याला गेलो. आप्पांनी ठणकावून सांगितलं की तू चल, इंग्रजी बोलायला. धुतलेलं धोतर, फेटा, आणि हातात काहीच नाही. किटली नाही, डबा नाही, तूप नाही. बसूकडं रिकाम्या हातानं चाललेले आप्पा मी पहिल्यांदाच बघत होतो.

निकाल काय आला ते आधीच सांगून टाकतो, उगाच जिवाला घोर नको. साफ आला. पण तो पुढं बऱ्याच दिवसांनी. त्या दिवशी आप्पांना काय माहीत?

मैदानात शिरल्यावर आप्पा क्षणभर सगळं विसरले. चारी बाजूला बघून म्हणाले, "येवढं गवत, आणि एक म्हस न्हाय!" मग बसू खेळताना लांबून बघितला. बरा खेळला. आणि खेळ संपल्यावर तपासणीसाठी ज्यांची नावं निघाली त्यात त्याचं निघालं. आप्पांनी माझं मनगट जे धरलं, ते सोडायलाच तयार नाहीत.

तपासणी एका तंबूत होती. बाहेर गळ्यात कार्ड अडकवलेले एक डॉक्टर उभे होते, दिल्लीकडचे. मी इंग्रजी जुळवत होतो, तेवढ्यात आप्पा हात जोडून पुढं झालेच.

"साब, पोरगं का कुछ गुन्हा नै. सुई मैंने मारी."

डॉक्टर दचकले. "किसको?"

"भैंस को."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी फार अदबीनं विचारलं, "बाबा, भैंस भी खेल रही है?"

मग मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, भराभरा, अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी. डॉक्टर चांगला माणूस. हसला नाही. म्हणाला की बाबांना सांगा, काळजी करू नका, असं काही सापडत नसतं. आप्पा ऐकेनात. "नै नै. सापडेंगा. सापडा तो मेरा नाव लिखो. शिवगोंडा. उसका मत लिखो."

तंबू कापडाचा. बसू आत होता. त्यानं सगळं ऐकलं असणार.

आणि आता मुख्य अडचण. बसूला लघवीच होईना! नियम असा की एक माणूस समोर उभा राहून बघणार आणि त्याच्यादेखत नमुना द्यायचा. बसू लाजरा. पाण्याच्या बाटल्यावर बाटल्या चालल्या होत्या. बाकीचे खेळाडू देऊन, हात धुऊन निघून गेले. ऊन कलायला लागलं. डॉक्टर दोनदा आत जाऊन आले. म्हणाले, दिल्याशिवाय सोडता येत नाही आणि निघून गेला तर ते दोषी धरल्यासारखंच आहे.

आप्पा तंबूच्या दाराशी फेऱ्या घालत होते. "बसू, झालं काय रं?"

आतून रडवेला आवाज. "आप्पा, तुम्ही जावा की जरा तिकडं!"

आप्पा गेले. मला वाटलं, नळावर पाणी प्यायला गेले. जरा वेळानं बघतो तर ते तंबूच्या मागच्या बाजूला, बसू उभा असेल साधारण त्या जागी, गवतात उकिडवे बसलेले. फेटा काढून मांडीवर ठेवलेला. तोंड कापडाजवळ नेलेलं.

आणि अगदी हळू आवाजात, तान्ह्या पोराला पायावर धरून करतात ना, तसं ते करत होते, "शूऽऽऽ... शूऽऽऽ..."

मी जागचा हललो नाही. डॉक्टरांनाही ऐकू येत असणार, पण ते आभाळाकडं बघत होते.

"शूऽऽऽ..."

आत सगळं शांत. आप्पांचा श्वास संपला, ते थांबले.

मग आतून बसू म्हणाला, "आप्पा, थांबू नका."