जावईबापूंची खरखर

माझे जावई गाणं ऐकत नसत, बघत असत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गाण्याचा हिरवा-निळा डोंगर उमटला की नाक पडद्याला लावून ते म्हणायचे, "वरचं कापलंय," म्हणजे गाण्यातले वरचे बारीक सूर गेलेत. मग गाणं कितीही गोड असो, त्याची रवानगी 'संशयित' नावाच्या कप्प्यात. मी हसून लिहिते आहे, पण मनात हात जोडलेलेच आहेत.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात सुजाताच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत चँडलरला गेले होते. अविनाशराव तिथे चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. बाहेर पाऊल टाकलं की तव्यावर पाय पडावा असं ऊन, म्हणून घरी असतील ते सगळे आतच. मी चौथी शिकलेली, मुळात बुजरी, त्यात समोर जावई. आणि जावई माझ्याहून बुजरे.

"सुजाता, त्यांना विचार, चहा ठेवू का?" मी म्हणायची. ते तिथेच सोफ्यावर.

"सुजाता, आईंना सांग, अर्धा कप."

"मी काय पोस्टमन आहे का?" सुजाता म्हणायची. तरी निरोप पोचवायची.

ऑफिसातून आले, हातपाय धुतले, की ते गाण्यांपुढे बसत. प्रत्येक गाणं तीन-तीन प्रकारांत ठेवलेलं. वडिलांच्या जुन्या कॅसेटींची एक पिशवी होती, त्या एकेक करून कॉम्प्युटरात उतरवायच्या, आणि मग तांदळातले खडे वेचावे तशी त्यांतली खरखर वेचून काढायची, हा नेम. एकदा त्यांचा मित्र निखिल डिस्क घेऊन आला.

"अवि, सगळं लॉसलेस करून आणलंय बघ, काही न गमावता."

जावयांनी डोंगर बघितला. "एमपीथ्रीचंच केलंयस ना? एकदा गेलेलं परत येत नाही, निखिल."

"यार, ऐकताना काय फरक पडतो?"

जावई इतके दुखावले की जेवताना त्यांनी त्याला दोनदा मीठ वाढलं.

हे तीन प्रकार काय, ते सुजाताने मला समजावलं. मी तिला म्हटलं, "म्हणजे वेव्ह म्हणजे पसरलेलं लुगडं. फ्लॅक म्हणजे तेच लुगडं घडी घालून ठेवलेलं, उलगडलं की पुरं नऊवारी. आणि एमपीथ्री म्हणजे लुगडं कापून शिवलेला फ्रॉक. घालता येतो, पण परत लुगडं होत नाही." आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. त्या घरात जावयांचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

पण मला एक घोर होता. माझा मुक्काम संपला की या परक्या मुलखात सुजाताला कोण? शेजारी कुणी ओळखीचं नाही, हाक मारली तर ओ द्यायला माणूस नाही. आणि जावई हे असे. नात झाली, तरी पाळणा अजून खोक्यात. ती रडली की हात मागे बांधून लांब उभे राहायचे.

"सुजाता, ती रडतेय."

"मला ऐकू येतंय, अवि."

जावयाला कसं बोलणार? मी देवाला बोलत होते.

नात रोज तिन्हीसांजेला रडायला लागे. पोटाला हिंग लावून झाला, ओव्याचा शेक झाला, काही उपयोग नाही. एक दिवस जावई कॅसेट उतरवत होते. गाणं संपलं, नुसती खरखर चालू राहिली, आणि पोर चूप झाली. पुढचं गाणं लागलं, तिने भोकाड पसरलं. जावयांनी यंत्राकडे बघितलं, मग तिच्याकडे. टेप मागे नेली. पुन्हा खरखर, पुन्हा पोर चूप.

दुसऱ्या दिवसापासून जावई खरखर जमवायला लागले. इतके दिवस जी वेचून टाकली, तिचाच आता वेगळा कप्पा. पापड तळल्यासारखी खरखर, चाळणीतून रवा पडल्यासारखी खरखर. रव्याची तिला जास्त आवडे. पण ती संपून पुन्हा पहिल्यापासून लागताना मध्ये जरा खंड पडे, आणि पोर दचकून उठे.

"एमपीथ्रीत जोडावर फट राहते," जावई म्हणाले. सुजाता निजलेली. खोलीत मी एकटीच.

"मग?" मी विचारलं.

"वेव्हमध्ये राहत नाही."

"मग त्यात करा."

"केलं."

आमचं पहिलं थेट बोलणं ते एवढंच. नात निवांत झोपली होती. थोड्या वेळाने ते आपणहून बोलले. "आई गेली तेव्हा मी लहान होतो. बाबा कामावर जाताना टेप लावून जायचे, घर सुनं वाटू नये म्हणून. बाजू संपली की नुसती खरखर. ती ऐकत दाराकडे बघत बसायचो मी."

मी उठून त्यांच्यासाठी चहा ठेवला, न विचारता. पुरा कप.

माझं जायचं जवळ आलं तसे एका सकाळी ते अर्ध्या चड्डीत माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "आई, मला अंघोळ शिकवा."

मी बघतच राहिले.

"बाळाची," ते घाईने म्हणाले. "तुम्ही गेल्यावर सुजाता एकटी काय काय करेल? आमच्याकडे हे दाखवायला कुणी नव्हतं."

न्हाणीघरातल्या पांढऱ्या टबात ते पाय लांब करून बसले. नडग्या बारीक, त्यांवर तेल लावलेली पोर. ती घसरायला लागली आणि मी जावयावर चक्क ओरडले, "पाय जुळवा आधी." ते पाण्याची ऊब मोजायचं यंत्र घेऊन आले होते. मी म्हटलं, ते ठेवा, कोपर बुडवून बघा. त्यांनी कोपर बुडवलं. गार पाणी घातलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा घातलं. दारात उभी राहून सुजाता तोंडाला पदर नाही म्हणून टॉवेल लावून हसत होती.

मग रोज थोडं थोडं त्यांच्यावर सोडत गेले. एक दिवस सगळंच त्यांनी केलं. मी बाजूला स्टुलावर बसले, हात मांडीवर ठेवून.

"आता डोकं?" त्यांनी विचारलं.

"आता डोकं," मी म्हटलं.

पाणी ओतण्याआधी त्यांनी डाव्या हाताचा तळवा तिच्या कपाळावर आडवा धरला, डोळ्यांत थेंब जाऊ नये म्हणून. ते मी शिकवलं नव्हतं.

मी उठले आणि बॅग भरायला घेतली.